ओल्या सुताची नावं

मुलांनो, स्वयंपाकघरातून एक ताट मागून आणा आणि त्यात मूठभर पीठ पसरा. पीठ वाया जाणार नाही, खेळ झाला की परत डब्यात टाकता येईल. आईला तसं आधीच सांगून ठेवा. आता बोटानं या पिठात एक शहर काढूया. वरच्या अंगाला टेकडी काढा. टेकडीवर तलाव, तलावाभोवती कडुनिंब आणि करंज, त्यांच्या सावलीत ऐसपैस बंगले. मधून एक नदी ओढा, पण फार खोल ओढू नका, कारण चैत्र लागला की ती आटते. आणि नदीच्या खाली अंगठा दाबून एक खळगा करा. या खळग्यात शहरातली सगळ्यात दाट वस्ती आहे. घराला घर चिकटलेलं, वर सिमेंटचे स्लॅब, खाली काळा दगड. एक जुनं तळं होतं, ते बुजवून त्यावर बसगाड्यांचा डेपो झाला. वारा टेकडीवरून येतो आणि खळग्याच्या डोक्यावरून निघून जातो.

तुमच्या पुस्तकात भूगोल, हवामान आणि लोकसंख्या असे तीन वेगळे धडे असतात. या ताटात बघा बरं, ते वेगळे आहेत का? जिथे झाडं आहेत तिथे माणसं थोडी. जिथे माणसं खच्चून भरली आहेत तिथे झाड नाही, पाणी नाही, वारा नाही. आणि शहराचं तापमान म्हणून जो आकडा रोज छापून येतो, तो टेकडीवरच्या वेधशाळेतला! खळग्यातली माणसं तो आकडा वाचतात आणि घाम पुसतात.

या शहराला आपण पळसपूर म्हणू. नकाशात शोधत बसू नका, ते आपल्या ताटातलं आहे. विदर्भातलं समजा, आणि काळ समजा तुमची मुलं तुमच्याएवढी होतील तेव्हाचा.

खळग्यातल्या वस्तीचं नाव विणकरपुरा. तिथे सहावीत शिकणारी दुर्वा निनावे राहत होती. घरात आई, बाबा, आबाजी म्हणजे तिचे आजोबा, आणि एक भाऊ. हा भाऊ इतका नवा होता की त्याला अजून नाव नव्हतं. दिवस पुरे व्हायच्या आधीच तो जन्माला आला होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "याच्या अंगाला अजून ऊन-थंडी सांभाळता येत नाही. दिवसभर याला गारव्यात ठेवा, नाहीतर माझ्याकडे आणूनही उपयोग होणार नाही."

गारवा म्हणजे गारवाघर. त्या काळात उन्हाळा असा झाला होता की प्रत्येक वस्तीत एक गारवाघर बांधावं लागलं होतं: जाड भिंतींचं अर्धं जमिनीखालचं दालन, भिंतींतून थंड पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या. तान्ही बाळं, बाळंतिणी, म्हातारी माणसं सकाळी तिथे जात आणि दिवे लागल्यावर परत येत. दुर्वाची आई बाळाला घेऊन तिथेच दिवस काढायची.

आणि एका शनिवारी सकाळी वस्तीत कर्णा लावलेली गाडी आली.

"विणकरपुरा प्रभागातील नागरिकांना कळवण्यात येते की, सदर प्रभागात नागरिक उरले नसल्याने येथील गारवाघर सोमवारपासून बंद करण्यात येत आहे. नागरिकांनी सहकार्य करावे."

दुर्वाला आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. गाडी पुढच्या बोळाच्या तोंडाशी थांबली आणि पुन्हा तेच बोलली. ऐकणाऱ्यांना ऐकवत होती की ऐकायला कुणी नाही!

शेजारच्या गच्चीवरून सोरतेकाकू ओरडल्या, "काऊन रे बापा, मंग मी कोण हावो? भूत?"

"भूतच म्हणा काकू," खालून कुणीतरी म्हणालं. "भुताले पाणीबी लागत नाही. म्हणून त टँकर कमी केला."

लोक हसले, पण ते हसणं वाळक्या पानासारखं होतं, लगेच त्याचा चुरा झाला. दुर्वा हसली नाही. तिला फक्त सोमवार ऐकू आला होता.

आता हे असं कसं झालं, ते समजून घ्या.

पळसपुरात माणसं मोजायचं काम घारीकडे होतं. यंत्राचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण लोक घारच म्हणत. उन्हावर चालणारं हलकं विमान, आत माणूस नाही, पोटाशी एक कॅमेरा. हा कॅमेरा उजेड बघत नाही, उष्णता बघतो. जगातली प्रत्येक वस्तू थोडी थोडी उष्णता बाहेर टाकत असते. तुम्ही, मी, ही भिंत, हे ताट. ती डोळ्यांना दिसत नाही, पण चुलीजवळ तळहात धरला की जाणवते ना, तीच. घारीचा कॅमेरा तिचं चित्र काढतो. जास्त गरम ते पांढरं, गार ते काळं. रात्रभर थंड झालेल्या गच्चीवर झोपलेला माणूस त्याला असा दिसतो, जणू पाटीवर खडूची रेघ.

विदर्भात उन्हाळ्यात माणसं गच्चीवर झोपतात, हे यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक होतं. टेकडीवरचे लोक बंद खोल्यांत झोपत, तर त्यांच्या खोल्या गार करणाऱ्या यंत्रांची बाहेर फेकलेली गरम हवा बघून घार त्यांनाही मोजत असे. रोज पहाटे ती शहरावरून एक फेरी मारी, आणि तिचं चित्र नगरचौकातल्या मोठ्या पडद्यावर त्याच क्षणी उमटे. 'आपले शहर, आजचे शहर' असं वर लिहिलेलं. ज्या प्रभागात जितकी माणसं, तितकं पाणी, तितके डॉक्टर, तितकी गारवाघरं. आधीची खानेसुमारी दहा वर्षांतून एकदा व्हायची, तिच्यापेक्षा हे न्यायाचंच म्हणायचं. फाल्गुनात, लोक गच्चीवर झोपू लागताच, घारीची परीक्षा घेतली, तेव्हा तिनं विणकरपुऱ्यातलं एकही माणूस सोडलं नव्हतं.

मग कडक उन्हाळा आला. आणि पाणी वाचवण्यासाठी हुकूम निघाला, की गच्चीवर पाणी शिंपडणाऱ्याला दंड होईल.

विणकरपुऱ्यात संध्याकाळी गच्चीवर पाणी शिंपडायचं, हा पिढ्यान्पिढ्यांचा रिवाज. एक बादली पुरते. स्लॅब चरचरतो, वाफ निघते, आणि रात्री पाठ टेकवता येते. तो रिवाज थांबला. स्लॅब दिवसभर तापायचा आणि पहाटेपर्यंत तापलेलाच राहायचा.

तुमच्या लक्षात येतंय का? शांतपणे विचार करा, मी थांबतो.

आपल्या कातडीचं तापमान उन्हाळ्यात पस्तीस अंशांच्या आसपास असतं. गच्चीही पहाटे तितकीच गरम असेल, तर उष्णता बघणाऱ्या कॅमेऱ्याला माणूस दिसेल कसा? पांढऱ्या भिंतीवर पांढऱ्या खडूनं लिहिल्यासारखं! ज्या वस्तीत सगळ्यात जास्त उकाडा, तिथली माणसं सगळ्यात आधी पुसली गेली. आधी काही गच्च्या रिकाम्या दिसल्या. म्हणून टँकर कमी झाला. पाणी कमी, म्हणून वस्ती आणखी तापली. आणखी तापली, म्हणून आणखी माणसं दिसेनाशी झाली. टेकडीवर मात्र झाडांखाली गार जमीन होती आणि गरम हवा फेकणारी यंत्रं होती. तिथली वस्ती कागदावर वाढली.

सांगा, यात शास्त्राचा काय दोष? कॅमेऱ्यानं खरं तेच सांगितलं होतं. तो रोज सांगत होता: 'माणसे दिसली नाहीत.' कचेरीत कुणीतरी ते लिहून घेताना एक शब्द गाळला. मग उरलं: 'माणसे नाहीत.' एका शब्दाची काटकसर! आणि त्या काटकसरीखाली अख्खी वस्ती गाडली गेली.

आता दुर्वाच्या घरातली एक गोष्ट सांगायची राहिली. गणनाकेंद्रात घारीची चित्रं तपासण्याचं काम जी करायची, ती रसिका, दुर्वाची सख्खी आत्या होती. ती विणकरपुऱ्यातली पहिली इंजिनियर मुलगी, आणि तिला नोकरी लागली त्या दिवशी वस्तीनं तिची मिरवणूक काढली होती. आता ती टेकडीच्या पायथ्याशी राहायची. बारशाला बाळाचं नाव आत्यानं ठेवायचं असतं, म्हणून ती येणार होती. पण टँकर कमी झाला त्या दिवशी बाबांनी तिला फोनवर सुनावलं, "आधी तुझ्या घारीला सांग आम्ही आहोत म्हणून. मग ये पोराला नाव ठेवायला. जी माणसंच नाहीत त्यांच्या घरी बारसं कसलं?"

आत्यानं फोन ठेवला होता. पाळणा तसाच राहिला. बाळ 'बाळ'च राहिलं.

त्या शनिवारी गाडी निघून गेल्यावर दुर्वा आबाजींसमोर जाऊन उभी राहिली. आबाजी मागावर बसले होते. वस्तीत हातमाग आता मोजकेच उरले होते, त्यांतला एक त्यांचा.

"आबाजी, मला गणनाकेंद्रात न्या."

"तिथं काय हाय वं?"

"आत्या आहे. आणि ती घार आहे."

"तुया बापाले समजलं त मले ओरडन तो."

"तुम्ही त्याचे बाप आहात ना?"

आबाजींनी धोटा बाजूला ठेवला. "हे मातर खरं बोलली तू," असं म्हणून ते उठले आणि टोपी शोधू लागले.

गणनाकेंद्र टेकडीवर होतं. आत शिरल्याबरोबर दुर्वाच्या अंगावर काटा आला, इतकं थंड. रसिका आत्या त्यांना बघून गडबडली, खुर्च्या ओढल्या, आबाजींच्या पाया पडली. दुर्वा खुर्चीवर बसली नाही.

"आमची वस्ती दाखव."

आत्यानं त्या पहाटेचं चित्र मोठ्या पडद्यावर आणलं. वर टेकडी करड्या रंगाची, तिच्यावर पांढरे ठिपके लखलखत होते. खाली विणकरपुरा. एक सपाट, भुरकट पांढरा डाग. जणू कुणी त्यावरून बोळा फिरवला होता. त्या डागात कुठेतरी आज पहाटे दुर्वा कुशीवर झोपली होती, शेजारी आई, आईच्या पोटाशी बाळ.

ती पडद्याच्या अगदी जवळ गेली. भुरकट पांढऱ्यात बारीक काळे ठिपके होते. एका गच्चीवर एक, दुसऱ्या गच्चीवर एक, एका ठिकाणी दोन जवळजवळ.

"हे काय आहे?"

आत्या काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "तो दोष असतो चित्रातला. कोण आहेस तू बाळ?" गणना अधिकारी गावंडे साहेब आले होते. माणूस दिसायला सज्जन, बोलायला गोड. त्यांनी आबाजींना थंड पाण्याची बाटली देऊ केली.

"दुर्वा निनावे."

"निनावे?" साहेब हसले. "आता आडनावच असं म्हटल्यावर यंत्र बिचारं काय करणार?"

दुर्वा अजून ठिपक्यांकडे बघत होती. दोन जवळजवळचे ठिपके… कुणाच्या गच्चीवर काय दोन आहे? आणि एकदम तिला कळलं.

"हा दोष नाही! हे माठ आहेत. हे दोन सोरतेकाकूंचे, त्यांच्याकडे दोन आहेत. हा आमचा, पायरीजवळचा. माठातून पाणी झिरपतं, वाळतं, म्हणून माठ गार राहतो. विज्ञानाच्या बाईंनी शिकवलंय. गार ते काळं. बरोबर ना आत्या?"

आत्यानं होकारार्थी मान हलवली.

दुर्वा साहेबांकडे वळली. "वस्तीत माणसं नाहीत, तर रोज हे माठ कोण भरतं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "हुशार आहेस. पण यंत्र डोकी मोजतं बाळा, मडकी नाही."

"मंग डोकं मोजा," आबाजींनी डोक्यावरची टोपी काढली. "हे पाहा, समोर हाय. उघडं केलं. हात लावून मोजा."

"आजोबा, रागावू नका. हातानं मोजलं की वशिला आला, भांडणं आली. म्हणून तर यंत्र आणलं. या निर्णयासाठी उद्या पहाटेची फेरी शेवटची. घारीला तुम्ही दिसलात, तर मी स्वतः गारवाघर चालू ठेवीन. नाही दिसलात, तर माझा इलाज नाही. नियम सगळ्यांना सारखा."

नियम सगळ्यांना सारखा! मुलांनो, हे वाक्य कुणी तुमच्यासमोर उच्चारलं, तर एक प्रश्न नक्की विचारा: आणि ऊन? ते सगळ्यांना सारखं आहे का?

बाहेरच्या व्हरांड्यात आत्यानं दुर्वाचा हात धरला.

"तुला माहीत होतं," दुर्वा म्हणाली.

"मी लिहून दिलं होतं गं. कॅमेरा आंधळा झालाय, वस्ती रिकामी नाही, असं स्पष्ट लिहिलं होतं."

"मग?"

"मग साहेब म्हणाले, यंत्राबद्दल शंका पसरवू नका. आकडा हातानं बदलला तर नोकरी जाईल."

"मग?"

आत्यानं पर्समधून बाळासाठी आणलेलं टोपडं काढलं, पांढरं, बारीक विणीचं. दुर्वानं ते घेतलं नाही.

"तू ये आणि तूच घाल," ती म्हणाली, आणि आबाजींचा हात धरून बसकडे चालू लागली. तिला रडू येत होतं, पण त्या थंड इमारतीच्या आवारात तिला रडायचं नव्हतं.

घरी पोहोचल्यावर ती तडक गच्चीवर गेली. पाय भाजत होते, म्हणून ती टाचांवर उड्या मारत माठाकडे निघाली, आणि मध्येच तिचा पाय कशावर तरी पडला. गार! तिनं खाली पाहिलं. आबाजींचं भिजवलेलं सूत. उन्हाळ्यात सूत कोरडं होऊन तटातट तुटतं, म्हणून आबाजी भांडी धुतलेल्या पाण्यात त्याची लड बुडवून ठेवत. सकाळची एक ओली लड तिथेच राहिली होती. वरून सुकली होती, आतून अजून ओली होती.

दुर्वानं पाय उचलला नाही. ती तशीच एका पायावर उभी राहिली. माठ गार, कारण त्यातून पाणी झिरपतं. लड गार, कारण तिच्यातूनही तेच होतं. माठ काळा दिसला. मग लड?

"आबाजी!" तिनं अशी हाक मारली की खालच्या बोळातली कुत्री उठून बसली.

संध्याकाळी निनाव्यांच्या दारात वस्ती जमली. दुर्वानं खाटेवर उभं राहून सगळं सांगितलं. कॅमेरा, पांढरं, काळं, माठ. ओल्या सुतानं गच्चीवर नावं लिहायची, खाटेएवढी मोठी अक्षरं. घारीला माणूस दिसत नाही, पण नाव दिसेल.

सोरतेकाकूंनी कपाळावर हात मारला. "प्यायले घोट नाही अन् हे पोट्टी सूत भिजवते!"

"धुणंभांड्याचं पाणी चालेल काकू. सूत बादलीभर पाण्यात किती भिजतं, तुम्हाला माहीत आहे."

"आणि यंत्र नावं मोजतं का?" मागून एका तरुणानं विचारलं. "तो साहेब म्हणन, डोकी पाहिजेत, अक्षरं नाही."

हा प्रश्न खरा होता. दुर्वा घुटमळली. मग म्हणाली, "यंत्र नाही मोजणार. पण चित्र चौकात लागतं ना? अख्खं शहर बघतं. यंत्राला वाचता येत नाही, माणसांना येतं. माणसांनी वाचल्यावर साहेब कसे म्हणतील की कुणी दिसलं नाही?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. दुर्वाला वाटलं, संपलं. तेवढ्यात मागच्या बाजूला गलका झाला आणि लोक बाजूला सरले. बाबा येत होते. पाठीवर मोठं गोणतं. दिवसभर ते दुर्वाशी बोलले नव्हते, टेकडीवर गेली म्हणून. त्यांनी गोणतं जमिनीवर टाकलं आणि त्याचं तोंड सोडलं. कारखान्यातून फेकलेलं, गुंता झालेलं सूत.

"आणखी चार गोणती आहेत," ते म्हणाले. "कोण येतं उचलायला?"

त्यानंतर कुणाला समजावावं लागलं नाही. विणकरांची वस्ती ती! सूत कसं धरायचं, कसं पसरायचं, कुठे दाबायचं, हे तिथल्या पोरासोरांना ठाऊक होतं. ज्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांना मुलांनी खडूनं अक्षरं काढून दिली. सोरतेकाकू तर आपलं नाव लिहून झाल्यावर नवऱ्याचंही लिहायला लागल्या. "आयुष्यभर त्याचं नाव उखाण्यातच घेतलं. आता आभायाले दाखवते," म्हणाल्या.

अंधार पडताना पाण्याचा शिपाई आला. दंडाचं पुस्तक काखेत.

"हे काय चाललंय? पाणी शिंपडायला बंदी आहे."

"शिंपडलं कुठं?" आबाजींनी विचारलं. "सूत वाळू घातलं."

"रात्री?"

"दिवसा कडक होतं बापा. तुटतं. विणकर हावो आमी."

शिपाई शेजारच्या गच्चीवर गेला. "सूत वाळू घातलं," काकू म्हणाल्या. त्याच्या पलीकडच्या गच्चीवरूनही तेच उत्तर आलं. खाली पडलेल्या सुताकडे त्यानं नीट पाहिलं, अक्षरं लावत ओठ हलवले. मग पुस्तक पुन्हा काखेत सरकवलं. "वाळू द्या," तो म्हणाला, आणि जिना उतरताना हळूच भर घातली, "पहाटे पुन्हा एकदा ओलं करा. नाहीतर खरंच वाळेल."

पहाटे सगळी वस्ती जागी होती. गच्च्यागच्च्यांवर माणसं ओणवी होऊन लडी ओल्या करत होती. निनाव्यांच्या गच्चीवर चार नावं होती. आबाजी, बाबा, आई, दुर्वा. त्यांच्याखाली थोडी जागा मोकळी होती आणि बादलीत एक लड शिल्लक होती. बाळ आईच्या मांडीवर होतं, अंगावर फक्त ओलं फडकं. त्याचा श्वास भरभर चालला होता.

पूर्वेकडून घार आली. आवाज नाही, नुसती एक सावली चांदण्या झाकत निघाली होती.

बाबांनी खिशातून फोन काढला, दुर्वापुढे धरला. "लाव तिला," ते म्हणाले. दुसरीकडे बघत म्हणाले, पण म्हणाले.

आत्यानं पहिल्याच घंटीला फोन घेतला. दुर्वाला फक्त तिचा श्वास ऐकू येत होता, आणि पाठीमागे कुणाच्या तरी बुटांचा आवाज.

"आत्या, दिसतंय का?"

"थांब." मग आत्याचा आवाज बदलला. "सोरते… पराते… सोरते… हेडाऊ… अगं बाई. अगं दुर्वा! अख्खी वस्ती काळ्या अक्षरांनी भरलीय. नंदनवारांची म्हातारी आहे, तिचं नाव वाकडं आलंय… मी वाचतेय गं, सगळी वाचतेय…"

"हे काय आहे?" गावंडे साहेबांचा आवाज फोनमधून आला, अजिबात गोड नव्हता. "चौकात दिसतंय हे! बंद करा ते चित्र! रसिकाबाई, बटण बंद करा!"

दुर्वानं फोन कानाशी घट्ट दाबला. काल व्हरांड्यात शेवटच्या 'मग'ला आत्यानं नुसतं टोपडं काढलं होतं.

"करते साहेब," आत्या म्हणाली. शब्द सुटे सुटे होते. "हुकूम लेखी द्या. त्यात कारण लिहा: माणसं दिसली, म्हणून चित्र बंद केलं. खाली सही करा. मग करते."

बुटांचा आवाज पुढे आला नाही. मागेही गेला नाही.

"आत्या," दुर्वा हळूच म्हणाली, "घार अजून आमच्या डोक्यावर आहे. एक लड उरलीय. नाव सांग."

आत्याला हुंदका आला की हसू, ते कळलं नाही. "मला नाही, आधी त्याला," ती म्हणाली. "फोन त्याच्या कानाशी धर."

दुर्वा आईजवळ गुडघ्यांवर बसली आणि फोन बाळाच्या इवल्या कानाशी नेला. टेकडीवरच्या थंड खोलीतून, यंत्रासमोर, साहेबांसमोर, आत्यानं "कुर्रर्र" केलं आणि नाव सांगितलं. बाळानं डोळे उघडले.

मग दुर्वानं फोन आपल्या कानाला लावला, ते नाव पुन्हा एकदा नीट ऐकून घेतलं, बादलीतली लड हळूच पिळली, म्हणजे पाण्याचा थेंबही वाया जाणार नाही, आणि मोकळ्या जागेत वाकून पहिलं अक्षर मांडायला घेतलं.